बोटीचा पत्ता

आमच्या नात्यात कुणाचीही हळद असो, मांडवात एखादा नवा पाहुणा मला विचारतोच, "तुम्ही काय करता?" मी घसा खाकरेपर्यंत आमचे धाकटे काका उत्तर देऊन मोकळे होतात. "हा मोरेश्वर? हा दर शनिवारी लोकांबरोबर बसतो. आणि बसायचा पगार घेतो." मांडव हसतो. मीही हसतो, कारण चौदा वर्षं झाली, याहून नेमकं वर्णन मला स्वतःलाही जमलेलं नाही.

तर बसतो म्हणजे काय करतो, ते सांगतो.

नवघरात एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमची खोली आहे. शनिवारी दुपारी तीन ते पाच तिथे दहा-बारा पालक जमतात. जोडीनं आलेले थोडे, बहुतेक एकेकटेच. कुणाचा नवरा पितो, कुणाची बायको सोडून गेलीय, कुणी आजी सत्तरीला टेकल्यावर पुन्हा पहिलीचा अभ्यास घेतेय, कुणाच्या घरात कायमचं आजारपण आहे. मोठ्यांचं काहीही होवो, मुलं वाढायची थांबत नाहीत. त्यांना डबा लागतो, युनिफॉर्म लागतो आणि 'आपल्याच घरी असं का?' याचं उत्तर लागतं. डबा-युनिफॉर्म लोक कसंबसं जमवतात. गाडी अडते ती उत्तरापाशी. आमच्याकडे डॉक्टर नाही, वकील नाही. त्याच खड्ड्यात आधी पडून वर आलेली माणसं तेवढी आहेत. ती आणि चहा.

खाली गिरणी सुरू झाली की वर कुणाचं काही ऐकू येत नाही. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. पुढे लक्षात आलं, की एखादी बाई काही मोठं बोलून गेली आणि नेमकी गिरणी लागली, तर तिला घाईघाईनं समजवायला कुणी धावत नाही. तिचं बोलणं दोन-चार मिनिटं खोलीत तसंच राहतं. आम्हाला निम्मं शहाणपण या गिरणीनं शिकवलंय. शिवाय उडत्या पिठानं सगळ्यांचेच केस पिकलेले दिसतात, त्यामुळे लहानमोठं कुणी उरत नाही.

मी इथे पहिल्यांदा आलो तो गिऱ्हाईक म्हणून. तेव्हा मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होतो. मुलगा निनाद सहा वर्षांचा. बायको सुलभा आजारी. मनाचा आजार. आता हे शब्द मी सरळ लिहितो, तेव्हा डॉक्टर बोलले की मी खिडकीबाहेर बघायचो. तिला इस्पितळात ठेवावं लागलं त्या दिवशी निनादनं विचारलं, "आई कुठेय?" मी म्हणालो, "गावाला गेलीय."

आसपासच्या हजारो बापांना हे उत्तर चालून जातं. कुणाचं गाव कोकणात, कुणाचं घाटावर. पोर मान डोलावतं आणि खेळायला पळतं. पण आम्ही गोडदेवचे. आजोबांची भातशेती इथली, मिठागरावरचं काम इथलं, आमचं सगळं इथेच. निनाद माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाबा, आपलं गाव तर हेच आहे ना?"

मग मी हुशारी केली. "आपलं नाही रे, आईचं गाव."

आईचं गाव नवघर! घरातून चालत जाण्याइतकं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चिरंजीव दप्तरासकट एकटेच निघाले, रिक्षा-टेम्पोंच्या गर्दीतून रस्ता ओलांडून मामाच्या बंद दारासमोर जाऊन उभे राहिले. शेजारी राहणाऱ्या वैजयंतीताईंनी त्याला पाहिलं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, हा गट त्यांनीच सुरू केलेला. त्यांनी निनादला हात धरून घरी आणलं आणि मला एवढंच म्हणाल्या, "शनिवारी या. बोलायचं नसेल तर बोलू नका. चहा तरी होईल."

गेलो. तिथला नियम एकच होता आणि अजून आहे. फक्त आपल्या घरचं सांगायचं. वाक्य 'माझ्या घरी' असं सुरू झालं पाहिजे. 'तुम्ही असं करा' म्हणून सल्ला दिला, की त्यानं सगळ्यांचे कप विसळायचे. मी हळदीच्या मांडवात रंगून गोष्टी सांगणारा, चार माणसांत शहाणपणा केल्याशिवाय मला अन्न पचत नाही. पहिले तीन महिने दुसऱ्या कुणाला कप विसळायची संधीच मिळाली नाही. पॉलिशवाल्याचा हात असल्यामुळे कप मात्र कधी नव्हे इतके चकचकीत झाले. दोन वर्षांनी ताई म्हणाल्या, "मोरेश्वर, तुम्ही आता पगारावर या. इतक्या चुका स्वतः केलेला माणूस मला दुसरा मिळणार नाही." माझी निवड ही अशी गुणवत्तेवर झाली.

सुलभाचा आजार आता औषधांनी ताब्यात आहे. हे लिहीत असताना ती मागे उभी राहून वाचून गेली. "माझं लिहायचं तर लिही, लपवू नकोस," म्हणाली, "पण स्वतःला फार बिचारा करू नकोस." प्रयत्न करतोय.

माझं मुख्य काम जोड्या लावायचं. नवीन पालक आला, की तशाच वाटेनं आधी गेलेला एक जुना पालक त्याला सोबती म्हणून द्यायचा. आठवड्यातून एक फोन, जमेल तशी भेट. वधूवर मंडळासारखंच हे, फक्त पत्रिकेच्या जागी संकटं जुळवायची. यात आपला हातखंडा आहे असं मला फार वर्षं वाटत होतं. एकदा बायको सोडून गेलेले दोन बाप मी जोडून दिले. वय सारखं, मुलांची इयत्तासुद्धा सारखी. छत्तीस गुण! दोघांचं इतकं जमलं, की रोज संध्याकाळी स्टेशनजवळच्या टपरीवर उभं राहून मुलांना कसं वाढवावं यावर तासन्‌तास चर्चा व्हायची आणि मुलं घरी वाट बघत बसायची. शेवटी त्यांतल्या एकाच्या मुलीचा मला फोन आला. "काका, आमचे पप्पा तुमच्याकडून सुटले का?" जोडी मोडली आणि दोघांना एकेक कडक आजी लावून दिली.

भाईंदर पश्चिमेचे एक कापडवाले शेठ बायकोला 'भरती' करायला आले होते. घरातल्या रोजच्या भांडणांनी त्यांच्या मुलीनं बोलणंच टाकलं होतं.

"भाऊ, कोर्स कितने दिन का है? सर्टिफिकेट मिलेगा?"

"कोर्स नहीं है शेठ. बैठना पडता है."

"कितना बैठना पडता है?"

ते बघायला म्हणून शेठ दाराशी खुर्चीवर बसले, हातातल्या घड्याळाकडे बघत. तासाभरानं घड्याळ बघायचं विसरले. पुढची चार वर्षं बायको येवो न येवो, शेठ येत राहिले. सोबत खाकऱ्याचा डबा. "मैं तो सिर्फ नाश्ता देने आता हूं," असं म्हणायचे आणि पाच वाजेपर्यंत हलायचे नाहीत. त्यांची मुलगी हळूहळू बोलायला लागली. शेठ म्हणतात, ती आधीपासून बोलत असणार, ऐकायला घरात जागा नव्हती.

सगळंच असं गोड झालं असं नाही. एक बाई एकदाच आली. तिला धीर यावा म्हणून मी माझं सगळं रामायण सांगत बसलो, विनोदांसकट. पाच वाजले. ती उठली, "बरं वाटलं," म्हणाली आणि परत कधी आली नाही. ती कशासाठी आली होती, हे मला आजतागायत ठाऊक नाही. नावसुद्धा विचारायचं राहिलं.

आता मुख्य गोष्ट. यातली माणसं खरी असली तरी नावं बदललीत. ज्यांची गोष्ट आहे त्यांनी ती वाचून हो म्हटलंय. त्यातल्या सर्वांत धाकट्या व्यक्तीनं आपलं बदललेलं नाव स्वतः निवडलं. तन्वी.

तन्वीची आई सारिका आमच्याकडे आली तेव्हा तन्वी नऊ वर्षांची होती. सारिका घरी बसून इमिटेशन दागिन्यांना खडे लावते. तिचा नवरा प्रशांत तुरुंगात होता, चार वर्षांपासून. त्यानं भांडणात एका माणसाला इतकं मारलं, की त्या माणसाचा पाय कायमचा अधू झाला. खोटा आळ वगैरे काही नव्हता. सारिका स्वतःच म्हणायची, "केलंय त्यानं. मी कुणाला दोष देऊ?"

अटक झाली तेव्हा तन्वी पाच वर्षांची. तिला काय सांगायचं? शेजारच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ मालवाहू बोटीवर नोकरीला होते. नऊ-नऊ महिने दिसायचे नाहीत, मग एक दिवस चॉकलेटं घेऊन हजर. सारिकाला ते सोयीचं वाटलं. "पप्पा बोटीवर गेलेत." वाढदिवसाला ती स्टेशनच्या बाजारातून चॉकलेटचा डबा आणायची आणि बोटीवरून आला म्हणायची.

मी सारिकाला सोबती म्हणून हिराबाई दिली. हिराबाई जुन्या भाईंदरची कोळीण, बाजारात सुकी मासळी विकणारी. मुलगा वारल्यावर नातवाला, सागरला, तिनंच वाढवलं. गटात सगळ्यांत मोठ्यानं हसणारी तीच. सागर कसा आहे विचारलं की सांगायची, "कामाला हाय लांब. येल भेटत न्हाय त्याला." सारिकाचं तोंड सदा उतरलेलं, हिचं सदा हसरं. झालं, लावली जोडी. यामागे माझा एवढाच विचार होता हे मी कबूल करतो.

तिसरीचं वर्ष संपत आलं, तेव्हा शाळेत पत्रलेखन शिकवलं. त्या शनिवारी बैठक संपल्यावर सारिकानं मला जिन्यात गाठलं. "भाऊ, तन्वी पत्ता मागतेय. पप्पांना पत्र लिहायचंय म्हणते. काय करू?"

आता बघा, या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं जगात कुणापाशी नसेल. 'माझ्या घरी' असं सुरू करून गोडदेव-नवघरची गोष्ट सांगायची, एवढंच काम होतं. चौदा वर्षं हळदीपासून बारशापर्यंत जी गोष्ट मी कुणीही न विचारता सांगत आलो, ती नेमकी तिथे माझ्या तोंडून निघाली नाही. सारिका दमलेली होती. मला तिचा चेहरा बघवेना. मी म्हणालो, "परीक्षा होऊ दे. मग बघू. आत्ता नका सांगू काही."

तिनं असा सुटकेचा निःश्वास टाकला, की मला माझंच कौतुक वाटलं. जिन्यात सल्ला दिला तर ऐकायला कुणी नसतं, कपही विसळावे लागत नाहीत.

शनिवारी मुलं आमच्या खोलीच्या कोपऱ्यात चित्रं काढत बसतात. पुढच्या शनिवारी तन्वी तिथून उठून माझ्या टेबलाशी आली. हातात बंद पाकीट.

"काका, तुमच्याकडे सगळ्यांचे पत्ते असतात ना?"

"असतात की."

"बोटीचा पत्ता द्या."

"अगं, बोट काय एका जागी असते?"

"मग पोस्टमन कसा जातो?"

"ते... कंपनीतून जातं."

"मग कंपनीचा द्या."

खोलीत सारिका होती. हिराबाई होती. मी हाक मारू शकलो असतो. त्याऐवजी मी हात पुढे केला. "दे इकडे. मी टाकतो."

सल्ला देणं ही एक चूक. पण इथे मी पोस्टखातंच उघडून बसलो. एका महिन्यात तीन पत्रं आली. तिसरं चांगलं जाड होतं. दर वेळी तन्वी विचारायची, "काका, मागचं नक्की टाकलंत ना?" आणि मी म्हणायचो, "टाकलं." तिन्ही माझ्या टेबलाच्या खणात होती, हजेरीच्या वहीखाली.

मग सारिकाला शाळेतून बोलावणं आलं. तन्वीनं श्रेयाला, म्हणजे तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीला, पायऱ्यांवरून ढकललं होतं. श्रेयाचा हात मोडला. विचारल्यावर तन्वी म्हणाली, "ती म्हणते माझे पप्पा जेलमध्ये आहेत. खोटं बोलते. माझे पप्पा बोटीवर आहेत. मी त्यांना पत्र पाठवते. मोरेश्वरकाका टाकतात."

शनिवारी सारिका आली ती बसलीच नाही. सगळे बसलेले, ताई होत्या, हिराबाई होती. मुलांना त्या दिवशी कुणी आणलं नव्हतं. सारिका माझ्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, कुठली पत्रं?"

मी खण उघडला आणि तिन्ही पाकिटं टेबलावर ठेवली.  कसंबसं म्हणालो, "माझ्या घरी मी मुलाला सांगितलं होतं, आई गावाला गेलीय. तो एकटा शोधायला निघाला. हे मला माहीत होतं. तरी मी तुम्हाला जिन्यात सांगितलं, की थांबा. आणि तरी मी ही पत्रं घेतली. मला भीती वाटली. तिच्या तोंडावर नाही म्हणायची."

"तुम्हाला भीती वाटली?" सारिका म्हणाली. "मी एक खोटं बोलले होते, भाऊ. ते माझं होतं. तुम्ही त्याच्यावर शिक्का मारलात. आता पोरगी मला विचारते, आई, काकांनी पत्र टाकलंय, म्हणजे बोट आहेच ना? मैत्रिणीचा हात मोडला तिनं, माझ्या शब्दासाठी! आता मी कुठल्या तोंडानं सांगू?"

नेमकी गिरणी लागली. सारिका उभी, मी उभा, टेबलावर तीन पाकिटं. त्या दिवशी कुणाचं दळण होतं देव जाणे, संपता संपेना.

गिरणी थांबल्यावर सारिकाच बोलली. आवाज एकदम खाली आलेला. "मी ठरवलंय. खोली बदलते. वसईकडे जाते. नवी शाळा, तिथे कुणाला काही माहीत नाही. तो सुटून येईपर्यंत बोट चालेल. पण तिला कळलं की आई चार वर्षं खोटं बोलत होती, तर ती परत माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. मला दुसरं कोण आहे?"

 आणि मग हिराबाई बोलायला लागली. न हसता. तिचा तो आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

"माज्या घरी," ती म्हणाली, "सागरची आय मेलेली न्हाय. माजा पोरगा वारला, मंग तिनं दुसरं लगीन केलं. पोराला मागत व्हती. मी दिला न्हाय. पोराला सांगितलं, तुजी आय मेली. फोटो लावला भिंतीवर. जित्या बाईच्या फोटोला हार घातला मी, सारिका. धा वरसं. पोर रोज पाया पडून शालंत जायचा."

सारिका खाली बसली.

"सोला वर्साचा झाला, नि कुनाच्या तरी हळदीला गेला. मांडवात मेलेली आय समोर उभी. घरी आला, फोटो उतरवला, माज्या मांडीवर ठेवला. एक शब्द बोलला न्हाय. गेला. पनवेलकडं कुठं गोदामात कामाला हाय, आसं लोक सांगतान. तीन वरसं झाली. तुमाला सांगते ना, येल न्हाय भेटत त्याला? मलाच भेटत न्हाय तो."

सारिकानं विचारलं, "मावशी, मग मी तिला कसं सांगू?"

"त्ये मना ठाव न्हाय, पोरी," हिराबाई म्हणाली. "मी सांगितलंच न्हाय ना कधी."

माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीत यापेक्षा प्रामाणिक उत्तर मी ऐकलेलं नाही. आणि त्या क्षणी मला हेही कळलं, की माझ्या आयुष्यातली सगळ्यांत बरोबर जोडी मी हसरा चेहरा बघून, म्हणजे निव्वळ बावळटपणानं लावली होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, सारिकानं तन्वीला सांगितलं. हिराबाई दाराशी येऊन बसली होती, सूप मांडीवर घेऊन सुक्या कोळंबीचे सोडे निवडत. सारिका म्हणते, मावशी एक शब्द बोलली नाही, पण त्या सुपाचा आवाज चालू होता म्हणून मला बोलता आलं. बोट नाही. पप्पा तुरुंगात आहेत. त्यांनी एका माणसाला मारलं. मी तुला खोटं सांगितलं, कारण मला भीती वाटत होती.

तन्वी रडली नाही. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा. "म्हणजे श्रेयाचं खरं होतं?"

मग आठ दिवस ती आईशी बोलली नाही. जेवायची, शाळेत जायची, सही करायला वही समोर ठेवायची, पण शब्द नाही. सारिका मला फोनवर म्हणायची, "भाऊ, घरात खडे लावायचा चिमटासुद्धा मोठ्यानं वाजतो." मी ऐकून घ्यायचो. त्या आठवड्यात मी कुणालाच काही सुचवलं नाही, कारण माझ्या सुचवण्याची किंमत मलाच कळली होती. आमच्या गटातल्या बायका मात्र रोज आळीपाळीनं सारिकाकडे जाऊन बसत होत्या. कापडवाल्या शेठनी खाकरे पाठवले. "इसमें मैं क्या बोलूं भाऊ," म्हणाले, "खा लेंगे तो अच्छा लगेगा."

शनिवारी तन्वी आली. सरळ माझ्या टेबलाशी. हात पुढे. "माझी पत्रं."

मी दिली. तिनं एकेक पाकीट उलटंसुलटं करून चिकटवलेली कड तपासली.

"वाचली नाहीत ना?"

"नाही."

"हे तरी खरं?"

पन्नाशी उलटलेल्या माणसाला एवढंसं वाक्य किती लागू शकतं, ते त्या दिवशी समजलं. मी म्हणालो, "हे खरं. आणि माझं चुकलं, तन्वी."

तिनं यावर थोडा विचार केला. माफ केलं वगैरे काही नाही. म्हणाली, "आता खरा पत्ता द्या." मी कागदावर लिहून दिला. तिनं तो वाचला, घडी घातली, आणि म्हणाली, "पण मी पोस्टात टाकणार नाही. मी घेऊन जाणार." जाताना तिनं कोपऱ्यातले रंगीत पेन मागून नेले. श्रेयाच्या प्लॅस्टरवर फूल काढायचं होतं. श्रेयानं ते काढू दिलं, असं नंतर कळलं.

भेटीची परवानगी मिळायला वेळ लागला. मग एके दिवशी मायलेकी बसनं गेल्या. काय झालं ते पुढच्या शनिवारी सारिकानं आम्हाला सांगितलं. प्रशांत समोर आला. तन्वीनं तिसरं, जाड पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. 'पप्पा, बोट हलते तेव्हा तुम्हाला उलटी होते का? मासे वर येतात का? तुम्ही माझ्यासाठी दर वेळी तीच चॉकलेटं का पाठवता?' सगळं, शेवटच्या सहीपर्यंत. प्रशांत मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "मी बोटीवर नव्हतो गं. मी एका माणसाला मारलं. चूक माझी."

तन्वीनं विचारलं, "त्या माणसाचा पाय बरा झाला का?"

सारिका म्हणाली, "भाऊ, चार वर्षांत हे मी विचारलं नव्हतं. वकिलानं नाही, सासूनं नाही, कुणीच नाही." प्रशांत म्हणाला, नाही झाला. आणि मग तो रडला.

परतीच्या बसमध्ये तन्वी खिडकीशी बसली होती.  आईशी ती आता बोलत होती, पण कामापुरतं. बस निम्म्या वाटेवर आली तेव्हा तिनं मान न वळवता विचारलं, "आई, शाळेत कुणी विचारलं, पप्पा कुठे असतात, तर मी काय सांगू?"

चार वर्षं सारिकाकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असायचं. ती म्हणाली, "मला नाही माहीत. तुला काय सांगावंसं वाटतं?"

तन्वीनं विचार केला. "लांब असतात, म्हणेन. आम्ही जातो भेटायला." आणि तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि भाईंदर येईपर्यंत झोपली.

सारिकानं एवढं सांगितलं आणि डोळे पुसले.   आईबापांना मुलांसाठी शब्द शोधून द्यायचा मी पगार घेतो, आणि यातला एकही शब्द मला सुचला नसता.

हिराबाई पुढे सरकली. "काय बोलली ती? परत सांग. हलू सांग."

"लांब असतात. आम्ही जातो भेटायला."

हिराबाईचे ओठ हलले. तिनं ते स्वतःशी म्हणून पाहिलं असावं.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. इतक्या वर्षांत हिराबाईचा शनिवार कधी चुकला नव्हता. साडेतीन झाले, चार झाले. फोन लागेना. मी बैठक ताईंवर सोपवून रिक्षानं पश्चिमेला बाजारात गेलो. तिची जागा रिकामी होती, पाटीवर प्लॅस्टिक अंथरून चार दगड ठेवलेले. शेजारच्या कोळणीला विचारलं.

"आज न्हाय ती," शेजारीण सुकटीचा वाटा करत म्हणाली. "सकालीच गेली, नवं लुगडं नेसून. पनवेलकडं. मी बोलली, पत्ता तरी हाय का तुज्याकडं? तर बोलते, पत्ता न्हाय, गोदामांची नावं इचारत जाईन. नातू लांब असतो माजा, जाते भेटाया."